घरच्या कोंबडीखाद्यात काय घालावे : मासळी, मांसभुकटी की आणखी काही?
प्राणिज प्रथिने निवडताना घ्यावयाची काळजी

कुक्कुटपालनाच्या धंद्यात उतरू पाहणारा तरुण सर्वप्रथम पिलांचा भाव विचारतो, मग शेडचा खर्च काढतो आणि सगळ्यांत शेवटी खाद्याचा विचार करतो. वास्तविक हा क्रम उलटा असावयास हवा. कोंबड्यांवर होणाऱ्या एकूण खर्चापैकी साठ ते सत्तर टक्के खर्च एकट्या खाद्याचा असतो. पिले एकदाच घ्यावी लागतात, शेड एकदाच बांधावी लागते. खाद्य मात्र रोज सकाळ-संध्याकाळ लागते. धंदा तरतो की बुडतो, हे खाद्याच्या पोत्यावर ठरते.

तयार खाद्य महाग पडते म्हणून शे-दोनशे कोंबड्या पाळणारे अनेक जण घरीच खाद्य तयार करू लागले आहेत. यात वावगे काही नाही. २०२१ साली सोयाबीन पेंडीचे भाव इतके भडकले की केंद्र सरकारला त्या वर्षी ऑगस्टमध्ये १२ लाख टन सोयापेंड आयात करण्यास परवानगी द्यावी लागली. त्या काळात ज्यांना आपले खाद्य आपण बनवता येत होते, त्यांना निदान हातपाय हलवायला जागा होती. परंतु घरच्या खाद्यात एक घटक असा आहे की जिथे सर्वाधिक चुका होतात आणि सर्वाधिक फसवणूकही होते. तो म्हणजे प्राणिज प्रथिने, अर्थात मासळीची भुकटी, मांस-हाडांची भुकटी आणि तत्सम पदार्थ. आजचा हा लेख त्यांच्याविषयीच आहे.

एक अनुभव

आमच्या नात्यातील एका खालांनी घराच्या मागे शेड उभारून सुधारित जातीची १५० पिले आणली. गाव समुद्रकाठचे. पैसे काही बचतीचे, काही भावाकडून हातउसने घेतलेले. पिले तीन आठवड्यांची होईपर्यंत सारे ठीक होते. पुढे कुणीतरी सल्ला दिला, "मासळी घाला, पिले झपाट्याने वाढतात." बाजारात खारवलेल्या मासळीचे तुकडे, डोकी, शेपट्या असा माल स्वस्तात मिळाला. खालांनी तो कुटून २० किलो खाद्यात ३ किलो मिसळला.

दुसऱ्या दिवसापासून पिले पाण्याच्या भांड्यावर तुटून पडू लागली. खालची भुशी चिंब झाली. तिसऱ्या दिवशी पिले मरू लागली आणि आठवडा संपेपर्यंत चाळीसवर पिले गेली. रोगाची साथ समजून औषधांवर पैसे खर्च झाले ते वेगळेच. अखेर पशुवैद्यक आले, त्यांनी मेलेले पिलू फाडून पाहिले. पोटात पाणी भरलेले. त्यांनी पहिला प्रश्न केला, "खाद्यात काय घालता?"

"मासळीच घातली, डॉक्टर. माणसं खातात तीच."

"माणूस ती भाताबरोबर चवीपुरती खातो, खाला. पिलाला तुम्ही तिन्ही त्रिकाळ तेच दिलंत."

हिशेब साधा आहे. खारवलेल्या मासळीत शंभर भागांत वीस भाग मीठ असू शकते. म्हणजे ३ किलो मासळीबरोबर ६०० ग्रॅम मीठ खाद्यात गेले. २० किलोला ६०० ग्रॅम म्हणजे ३ टक्के. त्यात खालांनी नेहमीप्रमाणे मूठभर मीठ वेगळे घातले होतेच. कोंबडीच्या खाद्यात एकूण मीठ अर्ध्या टक्क्याच्या आत असावे लागते, आणि लहान पिलांच्या बाबतीत ते २ टक्क्यांच्या घरात गेले की जिवावर बेतते. दुपारी पाण्याचे भांडे कोरडे पडले की मग विचारूच नका.

खालांनी चूक केली ती मासळी घालण्याची नव्हे. न पारखता घालण्याची. हाच या लेखाचा सारांश आहे.

प्राणिज प्रथिने लागतातच का?

पूर्वी असे मानत की कोंबडीला मासळी किंवा मांस यांपैकी काहीतरी मिळालेच पाहिजे, त्याशिवाय ती वाढत नाही. नुसते धान्य आणि पेंड यांवर पिले खुरटतात, अंड्यांतून पिले नीट निघत नाहीत, हे अनुभवाने दिसत होते. कारण मात्र ठाऊक नव्हते. १९४८ साली अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये संशोधकांनी यकृतातून ब-१२ हे जीवनसत्त्व वेगळे काढले आणि या कोड्याचा मोठा भाग उलगडला. हे जीवनसत्त्व धान्यात किंवा पेंडीत नसते. मासळी, मांस, दूध यांत असते.

दुसरे कारण प्रथिनांच्या घडणीत आहे. प्रथिने म्हणजे निरनिराळ्या अमिनो आम्लांची माळ. त्यांपैकी लायसीन आणि मेथिओनीन ही दोन आम्ले कोंबडीला खाद्यातून पुरेशी मिळावी लागतात. मका, ज्वारी, बाजरी यांत लायसीन कमी. शेंगदाणा पेंडीतही ते कमीच. सोयापेंडीत लायसीन भरपूर, पण मेथिओनीन तोकडे. मासळीत दोन्ही चांगल्या प्रमाणात असतात. म्हणून थोडी मासळी पडली की बाकीच्या खाद्याची उणीव भरून निघते.

आज ब-१२ आणि मेथिओनीन दोन्ही बाजारात तयार मिळतात. त्यामुळे सोयापेंड, मेथिओनीन आणि जीवनसत्त्वांचे मिश्रण यांवर, मासळीचा कणही न घालता, उत्तम खाद्य बनवता येते. अनेक मोठे कारखाने तसे बनवतातही. तेव्हा पहिली गोष्ट लक्षात घ्यावी, ती ही की प्राणिज प्रथिने ही सक्ती नाही, सोय आहे. चांगला माल परवडणाऱ्या भावात मिळत असेल तर घ्यावा. शंका असेल तर सोडून द्यावा. खराब मासळी घालण्यापेक्षा मुळीच न घातलेली बरी.

कोणता पदार्थ कसा?

सुकी मासळी व मासळीची भुकटी : आपल्या किनारपट्टीवर हा सर्वांत जवळचा पदार्थ. जाळ्यात येणारी बारीक, माणसाच्या खाण्यात न जाणारी मासळी वाळवून कुटतात. कारखान्यातील चांगल्या भुकटीत ५५ ते ६५ टक्के प्रथिने असतात. गावठी मालात ४० ते ५५. सुका जवळा आणि बोंबील सामान्यतः मिठाशिवाय उन्हात वाळवतात, त्यामुळे ते कोंबड्यांना सोयीचे. खाण्याचा जवळा आज महाग झाला आहे, पण चाळून खाली उरलेला चुरा पुष्कळदा स्वस्तात मिळतो. त्यात वाळू नाही ना, एवढे पाहावे. खारा बांगडा, खारी सुरमई यांचे तुकडे शक्यतो टाळावेत. तारलीसारख्या तेलकट मासळीची भुकटी लवकर खवट होते, ती साठवू नये.

मांस-हाडांची भुकटी : प्रथिने ४५ ते ५० टक्के. हाडांमुळे कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर. परंतु प्रत्येक पोत्यात दर्जा बदलतो, कारण आत मांस किती आणि हाड, कातडे, शिरा किती, हे डोळ्यांना दिसत नाही. शंभर किलो खाद्यात ५ किलोच्या पुढे जाऊ नये.

रक्ताची भुकटी : यात ८० टक्क्यांवर प्रथिने असतात. आकडा पाहून माणूस भुलतो. पण एक आवश्यक अमिनो आम्ल, आयसोल्युसीन, यात फारच कमी असते, कोंबड्या ती आवडीने खात नाहीत, आणि वाळवताना जास्त तापली तर पचतही नाही. २ टक्क्यांच्या वर तिचा उपयोग नाही.

पिसांची भुकटी : हिचेही प्रथिनांचे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास. मात्र पिसे दाबाखाली वाफेवर शिजवलेली नसतील तर ती कोंबडीच्या पोटातून जशीच्या तशी बाहेर पडतात. घरी पिसे वाळवून दळणे म्हणजे कष्ट आणि दळणाचे पैसे दोन्ही वाया घालवणे होय.

रेशमाचे किडे : कोष उकळून धागा काढल्यानंतर आतला किडा उरतो. कर्नाटकात रामनगर भागात हा माल निघतो. तेल काढलेल्या मालात ६० टक्क्यांवर प्रथिने असतात. तेल न काढलेला माल लवकर खवट होतो आणि त्याचा उग्र वास अंड्याला लागतो. ताजा आणि खात्रीचा मिळाला तरच थोडा घालावा.

ताक : ज्यांच्या घरी म्हैस आहे त्यांनी ताक फेकू नये. एक लिटर ताकात सुमारे ३० ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे १० लिटर ताक साधारण ६०० ग्रॅम मासळीच्या बरोबरीचे. मडक्यात किंवा प्लास्टिकच्या भांड्यात द्यावे, जस्ताच्या पत्र्याच्या भांड्यात देऊ नये. संध्याकाळी भांडे धुऊन ठेवावे.

अळ्या आणि किडे : भाजीपाल्याच्या कचऱ्यावर 'ब्लॅक सोल्जर' नावाच्या माशीच्या अळ्या वाढवून कोंबड्यांना घालण्याचा प्रयोग आता पुष्कळ ठिकाणी होतो. वाळलेल्या अळीत सुमारे ४० टक्के प्रथिने आणि भरपूर चरबी असते. युरोपीय संघाने २०२१ साली कोंबड्यांच्या खाद्यात किड्यांची प्रथिने वापरण्यास मुभा दिली. लहान प्रमाणावर हा उपाय चांगला आहे. एक पथ्य मात्र पाळावे. मेलेल्या जनावरावर किंवा कोंबडीवर पडलेल्या अळ्या कोंबड्यांना कधीही खाऊ देऊ नयेत. त्यांतून विषबाधा होऊन कोंबडीची मान लुळी पडते आणि ती मरते.

कोंबडीच्या दुकानातील आतडी व टाकाऊ भाग : हे फुकट मिळते म्हणून अनेक जण कच्चेच टाकतात. ही सर्वांत धोक्याची सवय. दुसऱ्याच्या कोंबडीचा रोग आपण हाताने आपल्या शेडमध्ये आणतो. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूची देशातील पहिली नोंद झाली. त्या वेळी लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या आणि राज्यभरातल्या धंद्याला त्याची झळ पोहोचली. ज्यांनी तो काळ पाहिला आहे त्यांना अधिक सांगणे नको. असला माल शेडच्या आवारातसुद्धा आणू नये.

फसवणूक कुठे होते?

मासळीच्या भुकटीचा भाव प्रथिनांवर ठरतो, म्हणून लबाडीही तिथेच होते. प्रयोगशाळेत सामान्यतः प्रथिने थेट मोजत नाहीत; नत्र मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. युरियात ४६ टक्के नत्र असते. म्हणजे शंभर किलो भुकटीत एक किलो युरिया मिसळला की कागदावर प्रथिने जवळपास ३ टक्क्यांनी वाढतात. गाई-म्हशीच्या पोटात युरियाचा थोडाफार उपयोग होतो. कोंबडीला त्याचा काहीच उपयोग नाही, उलट अपाय होतो. चामड्याचा भुगा मिसळण्याचेही प्रकार होतात. त्यातही नत्र असते, पण ते पचत नाही, आणि कमावलेल्या कातड्यातील क्रोमियम खाद्यात उतरते.

वाळू आणि मीठ ही तर जुनीच भेसळ. काही वेळा ती मुद्दाम केलेली असते, काही वेळा मासळी किनाऱ्याच्या वाळूवरच वाळवल्यामुळे आलेली असते. कशीही आली तरी पैसे आपलेच जातात.

घरी करावयाच्या काही परीक्षा :

१. नाक. चांगल्या भुकटीला मासळीचा स्वच्छ वास येतो. खवट, कुजका किंवा डोळ्यांना झोंबणारा वास आला तर पोते परत करावे.

२. जीभ. चिमूटभर भुकटी पाण्यात भिजवून ते पाणी जिभेला लावावे. खारट लागले तर माल पिलांना घालू नये.

३. पाणी. १०० ग्रॅम भुकटी भांडेभर पाण्यात ढवळावी, दोन मिनिटे थांबून वरचे पाणी व गाळ ओतून द्यावा. असे तीन-चार वेळा करावे. तळाशी उरेल ते बोटांत चुरडून पाहावे. कचकचले तर वाळू आहे. ती वाळवून वजन करावे. ५ ग्रॅम भरली तर शंभरात ५ भाग वाळू.

४. मूठ. भुकटी मुठीत दाबावी. गोळा तसाच राहिला तर ओल आहे किंवा तेल जास्त आहे. ओल्या मालाला बुरशी येते.

५. रंग. फिकट तपकिरी रंग चांगला. काळपट, करपलेली भुकटी जास्त तापलेली असते. अशा मालाने पिलांच्या पेषणीला जखमा होतात आणि काळसर ओकारी होऊन पिले मरतात.

युरियासाठी मात्र प्रयोगशाळेतच जावे. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची नागपूर, परळ, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथील पशुआहार विभागात चौकशी केल्यास योग्य सल्ला मिळतो. दहा-बारा पाळणाऱ्यांनी मिळून एकत्र माल घेतला आणि एकच नमुना तपासला तर खर्च प्रत्येकाच्या वाट्याला नाममात्र येतो. प्रथिनांबरोबर मीठ, वाळू आणि युरिया हेही तपासून मागावे.

पोत्याचा भाव नव्हे, प्रथिनांचा भाव

आता पैशाकडे वळू. समजा, सोयापेंड ४५ रुपये किलो आहे आणि तिच्यात ४५ टक्के प्रथिने आहेत. म्हणजे एक किलो प्रथिने १०० रुपयांस पडली. समजा, स्वच्छ सुकी मासळी ६० रुपये किलो आणि प्रथिने ५० टक्के. एक किलो प्रथिने १२० रुपयांस. शेजारचा व्यापारी ४५ रुपयांत मासळी देतो, पण वाळू आणि मीठ जाता तिच्यात प्रथिने ३५ टक्केच भरतात. एक किलो प्रथिने जवळजवळ १२९ रुपयांस पडली. म्हणजे स्वस्त म्हणून घेतलेला माल तिघांत महाग ठरला. हे भाव केवळ उदाहरणादाखल आहेत. आपल्या बाजारातील भाव घेऊन हाच हिशेब करावा. भावाला टक्केवारीने भागून शंभराने गुणले की झाले. मिठाचे आणि वाळूचे पैसे मासळीच्या भावाने देण्यात शहाणपण नाही.

शिवाय मासळी लागते किती? शंभर अंडी देणाऱ्या कोंबड्या रोज सुमारे ११ किलो खाद्य खातात, महिन्याला ३३० किलो. त्यात ६ टक्के मासळी धरली तर महिन्याला २० किलोही लागत नाही. वीस किलोवर किलोमागे पंधरा रुपये वाचवले तरी वाचतात तीनशे रुपये, आणि पणाला लागतात शंभर कोंबड्या.

अंड्यावरील कोंबड्यांसाठी एक मिश्रण

१०० किलो खाद्यासाठी : भरडलेला मका ५० किलो, राइस पॉलिश १४ किलो, सोयापेंड २० किलो, मिठाशिवाय वाळवलेल्या मासळीची भुकटी ६ किलो, शिंपल्यांची भुकटी ८ किलो, डायकॅल्शियम फॉस्फेट १ किलो, क्षार व जीवनसत्त्वांचे मिश्रण ७५० ग्रॅम, मीठ २५० ग्रॅम. यात प्रथिने सुमारे १८ टक्के बसतात.

मासळी चांगली मिळाली नाही तर ती काढून सोयापेंड ६ किलोने वाढवावी आणि १०० ते १५० ग्रॅम मेथिओनीन घालावे. त्या वेळी मीठ थोडे वाढवून ३५० ग्रॅम करावे. मासळी खारट असण्याची शंका असेल तर वेगळे मीठ मुळीच घालू नये. खारट मालच हाती असेल तर तो चार-पाच पट पाण्यात रात्रभर भिजवावा, दोनदा पाणी बदलावे आणि कडक उन्हात वाळवून मगच कुटावा. यात वजन घटते, काही प्रथिनेही जातात, तेव्हा भाव ठरवतानाच हे ध्यानात घ्यावे.

हे मिश्रण पिलांना देऊ नये. त्यात शिंपल्यांचे प्रमाण जास्त आहे, ते पिलांच्या मूत्रपिंडाला झेपत नाही. पहिल्या आठ आठवड्यांत पिलांना सुमारे २० टक्के प्रथिने लागतात आणि नंतर अंड्यावर येईपर्यंत १६ टक्के पुरतात.

मिसळताना एक काळजी घ्यावी. मासळी, क्षार, जीवनसत्त्वे हे कमी वजनाचे पदार्थ आधी चार-पाच किलो मक्यात नीट कालवून घ्यावेत, मग मोठ्या ढिगात मिसळावेत. नाहीतर एका कोंबडीला सगळे आणि दुसरीला काहीच नाही, असे होते.

मासळीचे प्रमाण वाढवत नेले की अंड्याला आणि मांसाला वास येऊ लागतो. एकदा गिऱ्हाईक तुटले की परत मिळवणे कठीण. म्हणून अंड्यावरील कोंबड्यांना ५-६ टक्क्यांच्या पुढे जाऊ नये आणि मांसासाठी विकावयाच्या पक्ष्यांची मासळी विक्रीपूर्वी दहा दिवस बंद करावी.

परसात मोकळ्या फिरणाऱ्या गावठी कोंबड्यांचे गणित निराळे. पावसाळ्यात त्या गांडुळे, वाळवी, टोळ खाऊन आपली प्रथिनांची गरज बरीचशी स्वतःच भागवतात. तेव्हा थोडे धान्य टाकले तरी पुरते. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते, किडे मिळत नाहीत आणि अंडी बंद होतात. मासळी द्यायचीच तर त्या दिवसांत द्यावी.

साठवण

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यंत्रचलित नौकांना मासेमारीस बंदी असते. या काळात मासळीचा भाव चढतो आणि हवा दमट असते. म्हणून मे महिन्यात, ऊन कडक असताना, दोन महिन्यांपुरता माल घेऊन पुन्हा एकदा वाळवून ठेवावा. प्लास्टिकच्या पिशवीत भरून वर गोणपाट, खाली लाकडी फळ्या, आणि भिंतीपासून हातभर अंतर. त्याहून अधिक साठा करण्याचा मोह धरू नये.

हलाल-हरामचा प्रश्न

या पानाच्या वाचकांकडून हा प्रश्न येणारच, म्हणून त्याला बगल देणे योग्य नाही. मांस-हाडांची भुकटी कोणत्या जनावराची आहे, त्यात रक्त किंवा डुकराचा अंश आहे काय, हे बहुधा पोत्यावर लिहिलेले नसते. घाण खाणाऱ्या जनावराला हदीसमध्ये 'जल्लाला' म्हटले आहे आणि त्याचे मांस व दूध यांविषयी मनाई अबू दाऊद व तिर्मिझी यांच्या संग्रहांत आली आहे. अशा जनावराला काही दिवस बांधून स्वच्छ चारा घालावा, असे धर्मशास्त्रज्ञ सांगतात. कोंबडीसाठी तीन दिवसांचा उल्लेख येतो. खाद्यात अल्प प्रमाणात असा अंश गेला तर काय, याचा निर्णय आपापल्या आलिमांना विचारूनच करावा. व्यापारी म्हणून आम्ही एवढेच सांगू की, ज्या मालाचे मूळ सांगता येत नाही, तो माल घेण्याची गरजच नाही. मासळी आहे, ताक आहे, सोयापेंड आहे. आणि गिऱ्हाइकाने विचारले तर आपल्या कोंबड्या काय खातात, हे मान वर करून सांगता यावे, हेही धंद्याचे भांडवलच आहे.

याला जोडूनच एक कायद्याची बाब. इंग्लंडमध्ये १९८६ साली गाईंमध्ये 'मॅड काऊ' रोग आढळला. जनावरांना जनावरांचीच मांस-हाडांची भुकटी खाऊ घातल्याने तो पसरल्याचे निष्पन्न झाले आणि १९८८ मध्ये तेथे रवंथ करणाऱ्या जनावरांना अशी भुकटी घालण्यास बंदी झाली. आपल्या देशातही दूध-मांसासाठी पाळलेल्या जनावरांना गोवंशीय वा डुकराची मांस-हाडांची भुकटी घालण्यास मनाई आहे. कोंबड्या, डुकरे आणि मासे तेवढे त्यातून वगळलेले आहेत. ज्यांच्या दारात कोंबड्यांबरोबर शेळ्याही आहेत, त्यांनी हे नीट ध्यानात ठेवावे. कोंबड्यांचे खाद्य शेळीच्या तोंडी लागू देऊ नये.

शेवटी

खालांनी धंदा सोडला नाही. उरलेल्या पिलांना त्याच दिवशी ते खाद्य बंद करून साधे पाणी आणि भरडलेला मका सुरू केला; बहुतेक वाचली. पुढच्या खेपेस त्यांनी ओळखीच्या कोळीणीकडून जवळ्याचा चुरा घेतला. पदराच्या टोकात चिमूटभर बांधून घरी आणला, पाण्यात भिजवून चाखला, भांड्यात ढवळून वाळू पाहिली, आणि मगच पोते उचलले. कोळीण हसली. म्हणाली, "खाला, तुझ्या कोंबड्यांना जेवायला घालतेस की लग्नाची पंगत बसवतेस?"

खाला म्हणाल्या, "चाळीस जीव गेलेत, बाई. आता तू हस, मी चाखते."

ज्याने घरचे खाद्य बनवावयाचे ठरवले आहे, त्याने एवढी सवय अंगी बाणवावी. माल घेण्यापूर्वी हुंगावा, चाखावा, पाण्यात ढवळून पाहावा. पाच मिनिटांचे काम आहे. ते टाळले की त्याची किंमत पुढे शेडमध्ये मोजावी लागते.